आपणहून पडलेली फांदी

हेमांगी गुरवने आयुष्यात एकच मोठा शोध लावला आणि त्याचं बारसंही तिनेच केलं. निरोप. तांदळाच्या दाण्याएवढी पांढरी गोळी. फांदीच्या बुडाशी बारीक भोक पाडून आत सरकवायची आणि वाट पाहायची. करवत नको, क्रेन नको, रस्ता अडवणं नको. तीन आठवड्यांच्या आसपास झाड ती फांदी आपणहून सोडून देई.

झाडांबद्दल आपला एक भाबडा समज असतो. झाड म्हणजे माउली, सगळ्या फांद्यांना सारखं पोसणारी. हेमांगी हसायची. झाडाइतका व्यवहारी संसार तिने दुसरा पाहिला नव्हता. प्रत्येक फांदीने आपल्या पानांवर पडणाऱ्या उन्हातून आपलं अन्न आपण करायचं आणि उरलेलं खोडाला द्यायचं. झाड वाढतं, वरचा विस्तार खालच्यांचं ऊन अडवतो, आणि सावलीत सापडलेल्या फांदीचं पोट भरेनासं होतं. झाड तिला फुकट पोसत नाही. तिच्या बुडाशी पेशींचा एक पातळ पडदा धरतो, पाणी नेणाऱ्या नळ्या एकेक करून बुजतात, आणि एक दिवस वारा नसतानाही फांदी सुटते. मागची जखम साल हळूहळू झाकून टाकते. उंच, सरळ खोडाचं झाड दिसलं की समजावं, त्याने लहानपणापासून अशा कितीतरी फांद्या सोडल्या आहेत.

आता गंमत अशी, की फांदी आपल्या पानांतून खोडाकडे सतत एक रसायन धाडत असते. त्याचा अर्थ एवढाच, की मी आहे, माझं चाललंय. हेमांगीची गोळी ते रसायन बुडाशीच अडवत होती. भर उन्हात डोलणाऱ्या फांदीबद्दल झाडाला कळे ते असं, की ती कधीचीच अंधारात आहे. मग झाड आपला नेहमीचा कायदा लावी.

पुण्याच्या रस्त्यांवर दोन वर्षं हे औषध चाललं आणि विजेच्या तारांपायी होणारी झाडांची खांडोळी थांबली. हेमांगीचे सत्कार झाले. तिच्याबरोबर पहिल्या दिवसापासून राबलेला अभिराम धंद्याचं बघू लागला, कारण हेमांगीला धंदा म्हटलं की जांभई येई. पहिल्या घाण्यातली एक गोळी तिने काचेच्या कुपीत घालून पर्समध्ये ठेवली होती. लोक गणपती ठेवतात, ही गोळी ठेवायची.

अशात दसऱ्याच्या तोंडावर गावाहून नरूदादाचा फोन आला. नरहरी गुरव, तिचा थोरला भाऊ, आंबेखोलच्या देव गांगोचा पुजारी.

"हेमा, दसऱ्याक ये. देवान मन बदलल्यान," तो म्हणाला.

आंबेखोलची देवराई म्हणजे डोंगराच्या पोटातलं काळंकुट्ट रान. मधोमध गांगोची घुमटी आणि घुमटीवर आभाळाएवढा बेहडा. राईत लोखंड न्यायचं नाही, कुऱ्हाड लावायची नाही, वाळकी काटकीसुद्धा मोडायची नाही. मात्र जी फांदी आपणहून पडेल ती देवाने दिली. ती वाजतगाजत उचलायची आणि जत्रेच्या जेवणाला जाळायची. आणि जे झाड आपणहून वठेल, ते कौल लावून, देवाने उजवा दिला तर, न्यायचं. हा कायदा कुणी लिहिला नव्हता, पण मोडलाही नव्हता.

अडचण अशी होती, की समुद्रातल्या पवनचक्क्यांची वीज घाटावर नेणाऱ्या एका कंपनीला आपली तार नेमकी या राईवरून न्यायची होती, आणि त्यासाठी बेहडा तोडावा लागणार होता. सड्यावरून, डोंगरमाथ्याच्या उघड्या कातळावरून, वळसा घालता आला असता, पण वळसा महाग. बदल्यात कंपनी गावाला दवाखाना देणार होती, आणि आंबेखोलला दवाखान्याची गरज किती, हे ज्याला पावसाळ्यात आपलं माणूस खुर्चीवर बसवून नदीपार न्यावं लागलंय त्याला विचारावं. गावाने तीन वर्षं लागोपाठ देवाला कौल लावला. देवाच्या पाषाणावर ओल्या पाकळ्या लावायच्या, प्रश्न विचारायचा. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. तीनही वर्षं डावी पडली. नरूदादाला कंपनीच्या माणसांनी हरतऱ्हेने गोड बोलून पाहिलं, पण त्याने पाकळीला बोट लावलं नाही.

या वर्षी मात्र बेहड्याच्या फांद्या पडू लागल्या होत्या. हिरव्यागार, पानांसकट.

नरूदादा तिला चहासुद्धा न देता राईत घेऊन गेला. बेहड्याचा अर्धाअधिक विस्तार उतरला होता. जिथे भर दुपारी दिवा लावावा लागे, तिथे ऊन पडलं होतं. घुमटीसमोर पडलेल्या फांद्या ओळीने मांडून ठेवल्या होत्या, प्रत्येकीला हळदकुंकू, प्रत्येकीवर झेंडू.

"हयसर बघ," दादा वाकला आणि एका फांदीच्या तुटल्या टोकावरून त्याने अंगठा फिरवला. "कुराड लागाक नाय, करवत लागाक नाय. वाऱ्यान मोडली असती तर चिरफाळली असती. ही बघ कशी, पॉलिश केल्यासारी. देवान आपल्या हातान काडून ठेवल्यान."

टोक वाटीसारखं गोल होतं, गुळगुळीत, कडेला साल दुमडलेली. हेमांगी गुडघ्यावर बसली. ही वाटी तिने हजारदा पाहिली होती, मापली होती, परिषदांमध्ये पडद्यावर दाखवली होती. देवाचा हात नव्हता तो. तिचा होता.

"दादा, इथे कुणी वर चढलं होतं?"

"देवाच्या झाडार कोण चढतलो? पावसात ता ड्रोन काय ता फिरी होता. कंपनीचा. धनेश पक्षी मोजूक."

अभिराम गावातच होता. कंपनीचा पाहुणा म्हणून शाळेच्या व्हरांड्यात बसून सोलकढी पीत होता. हेमांगीला पाहून तो दचकला नाही, उलट त्याने तिच्यासाठी खुर्ची ओढली. तिला आणखी राग आला.

"ड्रोनने गोळ्या मारल्यास," ती उभ्यानेच म्हणाली.

"कंपनीने औषध विकत घेतलं. कुठे वापरायचं ते त्यांनी ठरवलं."

"त्यांना बेहडा कुणी दाखवला? आपणहून पडलेली फांदी देवाची, हे पुण्यात बसलेल्या माणसाला कसं कळलं?"

अभिराम थोडं हसला. "तूच सांगितलंस की. प्रयोगशाळेत, चहा पिताना. म्हणालीस, आमच्या गावात हे औषध न्यायला नको, लोक देव पावला म्हणून नाचतील."

सांगितलं होतं खरं. मित्राला आपल्या गावाची गंमत सांगावी तसं सांगितलं होतं. ज्याच्याबरोबर दहा वर्षं एका डब्यातलं खाल्लं, त्याच्यापुढे कुणी शब्द तोलून बोलतं का?

"हेमा, शांतपणे विचार कर," तो म्हणाला. "कुणाचं नुकसान झालंय? गावाला दवाखाना हवाय, देशाला वीज हवीय, तुझ्या भावाला देवाचा होकार हवा होता. सगळ्यांना हवं ते मिळालं. गोळी विरघळून जाते, मागे काही राहत नाही, हे तुझंच संशोधन. तू तोंड उघडलंस तर औषधावर बंदी येईल आणि शहरांत पुन्हा करवती फिरतील. तुझ्याच झाडांवर."

हा युक्तिवाद बिनतोड होता, आणि म्हणूनच हेमांगीला त्याची शिसारी आली. आयुष्यभर तिला बिनतोड युक्तिवाद आवडत आले होते. हा पहिलाच, ज्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

"ते झाड आंधळं नव्हतं, अभिराम. त्याला आपण काळोख सांगितला. आता तोच माझ्या गावाला सांगू म्हणतोस? नाही सांगणार."

घरी येऊन तिने दादाला सगळं सांगितलं. तो ओट्यावर बसून उद्याच्या हारांसाठी आपट्याची पानं निवडत होता. ऐकताना त्याचे हात चालूच राहिले. ती थांबल्यावर मात्र थांबले.

"म्हणजे देव खोटो?"

"देव खोटा नाही रे. फांदी खोटी."

"गावाक ह्यो फरक कळतलो?" तो पहिल्यांदाच तिच्यावर ओरडला. "तीन वरसां मी डावो कौल सांगलंय. दवाखानो घालवलो म्हणान लोकांनी माका शिव्या घातल्यानी. आता देवान आपसूक दिल्यान, तर तू म्हणतंस ता औषध. उद्या लोक इचारतले, नरू गुरवाचो आदलो कौल तरी खरो कशावरून? आज्याचो? पणज्याचो? झाकली मूठ सव्वा लाखाची, हेमा. ती उघडू नको."

तिला त्याची दया आली आणि तिने ती लपवली नाही. "दादा, मूठ त्यांनी आधीच उघडलीय. आत तुझा विश्वास होता, तो काढून घेतला आणि रिकामी मूठ तुझी तुला परत दिली."

तो उठून आत गेला. पानं तशीच पडून राहिली.

दसऱ्याला गाव राईत जमलं. देवकार्याचा मान असलेले बारा-पाचाचे मानकरी पुढे, बाकीचे पुरुष मागे, बायका कडेला. देवापुढे गाव मिळून घालतं त्या गाऱ्हाण्यात बायकांनी बोलायचं नसतं. नरूदादाने पाकळ्या हातात घेतल्या आणि हेमांगी पुढे जाऊन घुमटीच्या पायरीपाशी उभी राहिली.

"थांबा. हे झाड वठलेलं नाही. याच्या फांद्या देवाने पाडलेल्या नाहीत. त्या माझ्या औषधाने पाडल्या आहेत."

जो गलका झाला तो झाला. मानकऱ्यांतले मुख्य सोमा गावकर, सत्तरीचा ताठ माणूस, त्यांनी काठी आपटली. "कुऱ्हाडीचो दांडो गोतास काळ म्हणतत, ता उगाच नाय. गावच्या पोरीक गावाचा बरा बघवणा नाय."

"दांडा होते, काका," हेमांगी म्हणाली. "म्हणून तर मला ठाऊक आहे कुऱ्हाड कुणाच्या हातात आहे."

"पुरावा?" अभिराम मागून शांतपणे म्हणाला.

हेमांगीने पर्समधली कुपी काढून वर धरली. "एकच आहे. गावाने झाड सांगावं, गावाने फांदी सांगावी. राईतली नको. माझ्या डोळ्यांसमोर नको असेल तर मी पुण्याला जाते. देवदिवाळीपर्यंत ती फांदी अशीच, याच वाटीने पडली नाही, तर मी याच पायरीवर नाक घासेन आणि बेहडा तुमचा. तोवर कौल थांबवा."

देवदिवाळीपर्यंत वेळ तिला फांदीसाठी नको होता. बेहड्यासाठी हवा होता. पण तेवढं तिने पोटात ठेवलं.

सोमा गावकर दाढी खाजवत राहिले. पैज म्हटल्यावर आंबेखोलचा माणूस मागे हटत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण उत्तर आलं ते दुसरीकडूनच.

"झाड मी सांगतलंय," नरूदादा म्हणाला. "आमच्या खळ्यातलो आंबो. बाबांनी लायलेलो. इहिरीवरची फांदी."

त्या फांदीवर लहानपणी हेमांगीचा आणि दादाचा झोपाळा होता. साऱ्या झाडात तीच सर्वांत जोमदार, उगवतीच्या उन्हात पसरलेली. कुठलंही झाड जिला कधी सोडणार नाही अशी. दादाने मुद्दाम तीच निवडली होती, आणि बरोबर निवडली होती. तिनेही तीच निवडली असती.

कौल देवदिवाळीला लावायचा आणि लागेल तो मानायचा, असा शब्द सोमा गावकरांनी गावातर्फे दिला. मग खळ्यात जाऊन गावासमोर भोक पाडलं, गोळी सरकवली. दादाने आपल्या हाताने फांदीला लाल फडकं बांधलं.

मग वाट पाहणं आलं. हेमांगी पुण्याला परतली नाही. पुण्याच्या नोकरीवरून बडतर्फीचं पत्र आलं, त्याच्यामागून वकिलाची नोटीस आली. वहिनीने विचारलं, काय आहे, तर म्हणाली, चुलीला बरं. तिला भीती त्याची नव्हतीच. गोळी सात वर्षं जुनी होती. कुपीत ऊन लागलं होतं, दमट लागलं होतं. शंभरातली एखादी जुनी गोळी कामाची निघते, असं तिनेच कधीतरी नोंदवलं होतं.

दिवाळी गेली. फांदीची पानं हिरवीगार. येणारे-जाणारे घरापुढच्या खळ्यापाशी थांबून फडक्याकडे बघत आणि तिला ऐकू जाईल असं विचारत, "काय गो, आंब्याक औषध गोड लागला वाटता?" तिकडे राईत बेहड्याची शेवटची फांदीही उतरली. आता नुसतं खोड उभं होतं, आणि कंपनीची माणसं दुरून त्याचे फोटो काढून जात होती.

हेमांगी रोज सकाळी राईत जाई आणि त्या खोडावरून हात फिरवी. झाडाच्या सालीखाली निजलेले डोळे असतात. फांदी होण्यासाठी धरलेले, पण कधीच न फुटलेले कोंब. वरची पानं असेतो झाड त्यांना दाबून ठेवतं. वर्षानुवर्षं, कधी कधी शंभर वर्षंही. वरचा विस्तार गेला, खोडाला ऊन लागलं, की ते डोळे उघडतात. उघडावेत एवढाच नियम आहे. या वयाच्या बेहड्याने नियम पाळलाच पाहिजे असं कुठल्याही पुस्तकात नव्हतं. ती सालीला म्हणे, ऊठ रे बाबा. शास्त्रज्ञ बाईने झाडाशी बोलावं का? न बोलून काय करणार होती!

देवदिवाळीच्या आदल्या आठवड्यात आंब्याच्या त्या फांदीचं एक पान पिवळं झालं. मग दहा. मग सगळीच मलूल झाली, पण फांदी जागची हलेना. देवदिवाळीची सकाळ उजाडली. वहिनी घावणे करत होती, दादा विहिरीवर आंघोळ करून सोवळं नेसत होता. वाऱ्याची झुळूकसुद्धा नव्हती. करकर असा एक लहानसा आवाज झाला आणि लाल फडक्यासकट अख्खी फांदी विहिरीच्या काठावर आडवी झाली.

दादा ओलाच उभा होता. मग तो फांदीच्या बुडापाशी उकिडवा बसला आणि त्या गुळगुळीत वाटीत त्याने अंगठा घातला. बराच वेळ फिरवत राहिला.

"तशीच," तो म्हणाला.

"तशीच," हेमांगी म्हणाली, आणि तिला रडू आलं. जिंकल्याचं नव्हतं ते. झोपाळ्याचं होतं.

"उचल," दादा डोळे पुसत म्हणाला. "तेच्या बुडाकडसून धर. गावाक दाखवची आसा."

दोघा बहीणभावांनी फांदी खांद्यावर घेतली आणि वाडीवाडीतून राईत नेली. सोमा गावकरांनी आधी आंब्याची वाटी पाहिली, मग बेहड्याची पाहिली, आणि खाली बसले. "गेलो दवाखानो," एवढंच म्हणाले.

"दवाखाना मागू काका. भांडून मागू, रस्ता अडवून मागू. तो आपला हक्क आहे. पण झाडाच्या बदल्यात का म्हणून? आजारी माणसाने देव विकून औषध घ्यायचं?"

अभिरामने घसा साफ केला. तो मोडलेला वाटत नव्हता. "समजा, फांद्या औषधाने पडल्या. तरी झाड आता मेलेलंच आहे. आणि गावाने शब्द दिलाय, देवदिवाळीला कौल लागेल तो मान्य. लावा कौल. देवालाच ठरवू द्या. की आता देवावरही भरवसा नाही?"

आंबेखोलमध्ये दिलेला शब्द फिरत नाही, आणि पाकळी उजवीही पडू शकते. हेमांगीने दादाकडे पाहिलं. पण दादा भलतीकडेच बघत होता. घुमटीच्या मागे, बेहड्याच्या खोडाकडे. तो तसाच चालत गेला आणि त्याने हाक मारली, "हेमा!"

माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीवर, कातळासारख्या काळ्या सालीतून तांबूस पालवीचा झुबका बाहेर आला होता. त्याच्यावर दुसरा. वर बघत गेलं तर ज्या ज्या ठिकाणाहून फांदी गेली होती, त्या त्या ठिकाणच्या आसपास तांब्याच्या रंगाचे ठिपके फुटले होते. काल सकाळी तिथे नुसत्या गाठी होत्या. तिने हाताने चाचपल्या होत्या आणि आशा धरायला घाबरली होती.

नरूदादा परत पाषाणापुढे आला. ताटातल्या पाकळ्या त्याने ओंजळीत घेतल्या, आणि त्या पाषाणाला न लावता देवाच्या पायांवर वाहून टाकल्या.

"शब्द कौल मानूचो दिल्लो," तो अभिरामला म्हणाला. "कौल लावूचो अधिकार गुरवाचो. आज मी लावूचंय नाय. उद्याव नाय. ह्या झाडासाटी ह्या जन्मात नाय."

मग त्याने हात जोडले आणि गाऱ्हाण्याचा तो वरचा, डोंगराला भिडणारा सूर धरला.

"बा देवा गांगो म्हाराजा! इतकी वरसां तुका इचारत इलंव. आज इचारूचा कायव नाय. आज तुका सांगूचा आसा!"

क्षणभर कुणाला कळेना. मग सोमा गावकर काठी टेकत उठले. "व्हय म्हाराजा!"

"तुझ्या झाडाक भर उनात कोणी काळोख सांगलो. झाड फसला, आमीव फसलंव. पण झाड मराक नाय म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्येच्या फुडे ह्या राईत फांदी आपसूक पडली, तरी आमी ती आदी उलटी करून बगतलंव, आनी मगेच तुझी म्हणतलंव!"

"व्हय म्हाराजा!"

"आनी जो कोण फिरून खोटो काळोख घेवन येतलो, तेका ह्यो गाव उनात उभो करतलो, रे म्हाराजा!"

बायकांनी या हुंकारात सूर मिसळायचा नसतो. हेमांगीने छाती भरून श्वास घेतला आणि साऱ्या गावाच्या वरताण ओरडली, "व्हय म्हाराजा!" तिच्या मागून वहिनी ओरडली, आणि मग कडेला उभ्या असलेल्या सगळ्याच.